मुलीचेच रक्त का तपासता?

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. कोणी हुंड्याबद्दल लिहितो, कोणी मानपानाबद्दल. कोणाची तक्रार असते की विहारात साधेपणाने मंगल परिणय करायचे ठरले असताना मुलाकडच्यांनी ऐनवेळी बँडबाजाचा हट्ट धरला. या वेळी नागपूरच्या एका वस्तीतून एका आईचे पत्र आले आहे. दोन पानी पत्र, अक्षर शाळकरी मुलीचे. आईने सांगितले आणि धाकटीने लिहून घेतले असावे.

थोरली मुलगी बी. ए. झालेली, घरी शिवणक्लास चालविते. स्थळ आले, पाहणी झाली, दोन्हीकडून पसंती झाली, साक्षगंधाची तारीख ठरली. मुलगी कॉलेजात असताना तिथे आरोग्य शिबिर झाले होते, त्यात तिचे रक्त तपासले गेले आणि 'सिकलसेल वाहक, एएस' असे कार्ड तिला मिळाले होते. लपवाछपवी नको म्हणून मुलीने स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला ते कार्ड दाखविले. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाकरवी निरोप आला : पोरगी सिकलसेलची आहे, आमाले जमणार नाही. निरोप येण्याआधी बातमी वस्तीभर झाली होती. आता धाकटीच्या स्थळांनाही लोक आडून आडून विचारू लागले आहेत. पत्राच्या शेवटी ती माउली विचारते, "आम्ही खरं बोललो, हेच आमचं चुकलं का?"

आम्ही त्यांना लगेच उत्तर पाठविले. तुमचे काहीही चुकले नाही, असे लिहिले आणि सोबत एकच प्रश्न विचारला, मुलाचे रक्त तपासले होते का? उत्तर आले, नाही. मुलीच्या मामाने मध्यस्थाला तसे सुचविले होते, तर मध्यस्थ म्हणाला, "पोराले काय धाड भरली? त्याले कायले तपासाचं?"

हे वाक्य, शब्द थोडे इकडचे तिकडे करून, आम्ही इतक्या घरांतून ऐकले आहे की आजचे सगळे सदर या एकाच विषयाला देत आहोत.

जनुकशास्त्र, जैवतंत्रज्ञान हे शब्द वर्तमानपत्रात वाचले की वाटते, ही मोठ्या प्रयोगशाळांतली बाब, आपला काय संबंध? पण २००२ साली परवानगी मिळालेले बीटी कापसाचे बियाणे याच शास्त्रातून आले आणि आपल्यातले कितीतरी जण तो कापूस वेचायला जातात. मधुमेही आजोबांना टोचायचे इन्सुलिन आज, माणसाचे जनुक घातलेल्या सूक्ष्म जिवांकडून बनवून घेतात. हे सारे बाहेरून घरात आलेले. सिकलसेल मात्र आपल्या अंगातच आहे, आणि या शास्त्राची गरज आपल्याला बियाण्यापेक्षाही सोयरिकीच्या बैठकीत जास्त आहे.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. आकाराने गोल, मधे किंचित दबलेल्या, आणि इतक्या लवचिक की केसाहून बारीक नळ्यांतूनही घसरत पुढे जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. हे हिमोग्लोबिन कसे घडवायचे याची लेखी सूचना आपल्या पेशीत असते, तिलाच जनुक म्हणतात. माणसाच्या एका संपूर्ण संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत. सिकलसेलमध्ये त्यातले एक अक्षर बदललेले असते, फक्त एक. त्या एका अक्षरामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीतला सहावा मणी बदलतो. मग प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ काड्यांसारखे होते आणि गोल पेशी वाकडी होऊन विळ्यासारखी दिसते. विळा म्हणजे काय हे आमच्या वाचक भगिनींना सांगायला नको. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, तेच नाव रोगाला पडले.

विळ्याच्या आकाराच्या ताठ पेशी बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोहोचत नाही आणि वेदना सुरू होतात. हाडे फोडल्यासारखी कळ, असे रुग्ण सांगतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात, मूल सारखे आजारी पडते. अमेरिकेत शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरांनी १९१० साली या वाकड्या पेशींची नोंद केली. दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला आणि १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. म्हणजे दीक्षाभूमीवरच्या सोहळ्यानंतर दोन वर्षांनी शास्त्राला आपल्या दारातल्या या दुखण्याचा पत्ता लागला. दुखणे अर्थातच फार जुने होते. म्हातारी माणसे त्याला कधी हाडीताप म्हणत, कधी करणी म्हणत, आणि पोर गेले की सुनेच्या पायगुणाला बोल लावीत.

आता जो हिशेब घराघरात कळायला हवा तो सांगतो. हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या प्रत्येकाजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर तो माणूस 'एए'. एक चांगली आणि एक सिकलची असेल तर 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर 'एसएस', म्हणजे रुग्ण.

वाहक हा रुग्ण नव्हे. ही ओळ आम्ही मोठ्या अक्षरात छापायला सांगणार होतो. एएस असलेली मुलगी नोकरी करते, शेतात राबते, बाळंत होते, नातवंडे खेळविते, आणि बहुतेकींना आपण वाहक आहोत हे जन्मभर कळतही नाही. वाहकाचा पुढे रुग्ण होत नाही. वाहकपणावर औषध लागत नाही. हा रोग शिंकेतून, उष्ट्यातून, एका खाटेवर झोपल्याने लागत नाही.

एएसचे लग्न एएशी झाले तर त्यांच्या एकाही मुलाला सिकलसेलचा आजार होत नाही. मुले एए तरी होतील किंवा एएस. वर सांगितलेल्या मुलीचा होणारा नवरा एए निघाला असता तर त्या लग्नात सिकलसेलपुरती भीती उरलीच नसती. आणि तो स्वतः एएस असेल, तर ही मुलगी सोडून तपासणीशिवाय दुसरी करून त्याने काय साधले? दुसरीही एएस असू शकते, फक्त तिच्याजवळ कार्ड नसेल.

प्रश्न येतो तो दोघेही एएस असले तर. त्या वेळी प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि एए होण्याची चारात एक. इथे एक गैरसमज आम्हाला वारंवार भेटतो. लोक म्हणतात, पहिले पोरगे आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील. तसे नाही. नाणे उडविले आणि काटा पडला, म्हणून पुढच्या वेळी छापाच पडेल असे नाण्याला बंधन नसते. दर खेपेला हिशेब नव्याने मांडला जातो. ज्या घरात तिन्ही मुले रुग्ण आहेत अशी घरेही आहेत आणि चारही मुले निरोगी असलेली वाहक जोडपीही आहेत.

आणखी एक गोष्ट याच हिशेबातून निघते. मूल एसएस असेल तर एक प्रत आईची आणि एक प्रत बापाची असलीच पाहिजे. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. 'सुनेने रोग आणला' असे म्हणणाऱ्या सासूने आपल्या लेकाचेही रक्त तपासून पाहावे, आणि लेकाकडे ती प्रत तिच्याकडून तरी आली किंवा तिच्या मालकाकडून. आम्ही हे एका महिला मंडळाच्या बैठकीत सांगितले तेव्हा आधी शांतता पसरली, मग मागच्या रांगेतली एक सून पदर तोंडाला लावून हसली. तिच्या सासूबाई पुढच्या रांगेत होत्या.

आता जिव्हारी लागणारा प्रश्न. हा रोग आपल्यातच का? एका मोठ्या इस्पितळाच्या ओट्यावर कोणा कर्मचाऱ्याने आपल्या एका उपासकाला म्हटले होते, "हा तुमच्याच लोकांचा रोग." तो बिचारा मान खाली घालून परत आला. मान खाली घालायचे काहीच कारण नाही. सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, तुर्कस्तानात आणि ग्रीसमध्ये आहे. आपल्याकडे गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासींत आहे, विदर्भात कुणबी आणि तेली समाजातही सापडतो. विदर्भातल्या बौद्धांत तो पुष्कळ आहे हे मात्र खरे. अनेक पाहण्यांत आपल्या लोकांत वाहकांचे प्रमाण शेकडा दहाच्या वर आढळले आहे.

याची कारणे दोन. पहिले कारण डास. १९५४ साली ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखविले की सिकलची एक प्रत असलेल्या माणसाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने लेकरे मेली तिथे वाहक लेकरे जास्त तगली आणि ती प्रत पुढे देत गेली. म्हणजे ज्या गोष्टीवरून आज आमच्या पोरीला नाकारले जाते, तिच्यामुळेच तिची कोणी एक पणजी तापाच्या साथीतून वाचली असेल.

दुसरे कारण डास नव्हे, माणूस आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचा गाभा कशात आहे, तर बेटीव्यवहार जातीच्या आत कोंडण्यात, हे त्यांनी तिथे मांडले. बाबासाहेब तेव्हा सिकलसेलबद्दल बोलत नव्हते. परंतु कोंडलेल्या बेटीव्यवहाराचा एक परिणाम आमच्या रक्तात असा दिसतो. सिकलची प्रत जातीने तयार केली नाही, पण लग्ने त्याच त्या घरांत होत राहिली म्हणून दोन वाहक एकमेकांच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढली. समजा, एखाद्या समूहात शंभरात दहा वाहक आहेत. कोणतेही जोडपे घेतले तर दोघेही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. वाहक वीस असले तर ती पंचवीसात एक होते. वाहक दुप्पट झाले की धोका चौपट होतो.

आणि आम्ही काय करतो? धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली, तरी स्थळ आले की आमच्यातलेच लोक हळूच विचारतात, "बावणे की लाडवण? कोसरे तर नाही?" साडेबारा पोटजाती नागपूरच्या मैदानावर सोडून आलो असे भाषणात म्हणायचे आणि बैठकीत पुन्हा त्याच खिशातून काढायच्या! काही घरांत तर बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि पत्रिका चोरून ब्राह्मणाकडे. त्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळले तरी दोघांचे एएस त्यात दिसत नाही. पोटजातीबाहेर, जातीबाहेर लग्ने झाली तर दोन सिकल वाहकांची गाठ पडणे कमी होईल हे उघड आहे. मात्र आंतरजातीय लग्न केले म्हणजे तपासणी नको, असेही कोणी समजू नये. थॅलेसेमिया नावाचा याच जातकुळीचा दुसरा दोष अनेक समाजांत आहे. एक जण सिकल वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकते.

पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून रुग्ण मुलाकडे पाहणारे आपल्यातही आहेत. त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ उघडावा. कर्माच्या प्रकरणात बाबासाहेब आनुवंशिकतेचे शास्त्र पुढे ठेवतात आणि विचारतात की मूल जर आई-बापांकडून सारे घेते, तर गेल्या जन्मीचे कर्म त्याच्यात कुठून शिरले? मूल आजारी आहे ते त्याच्या किंवा तुमच्या पापाने नव्हे. दोन प्रती एकत्र आल्याने आहे.

तपासणी कशी असते ते सांगतो, कारण भीती बरेचदा माहिती नसल्यामुळेच असते. पहिली चाचणी अगदी साधी. बोटातून थोडे रक्त घेऊन नळीतल्या औषधी पाण्यात टाकतात. पाणी स्वच्छ राहून पलीकडच्या रेघा दिसल्या तर सिकल नाही, पाणी गढूळ झाले तर सिकल आहे. तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. ती स्वस्त आहे, पण गढूळ पाणी एवढेच सांगते की सिकल आहे. माणूस वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची दुसरी चाचणी करतात. अनेक जण पहिल्या चाचणीवर थांबतात आणि 'सिकल पॉझिटिव्ह' एवढ्या शब्दांवर कोणाचे लग्न मोडते, कोणी घाबरून अंगारे-धुपारे करू लागतो. दुसरी चाचणी झाल्याशिवाय काहीही ठरवू नये. थॅलेसेमियाचा वाहकही पहिल्या चाचणीत सापडत नाही, म्हणून लग्नाळू मुलामुलींनी एचपीएलसी करून घेतलेली बरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नळीची चाचणी चालत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. रिपोर्ट जन्मभर बदलत नाही. एकदा केला की कार्ड शाळेच्या दाखल्याबरोबर जपून ठेवावे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असे तिचे उद्दिष्ट ठेवले. मोहिमेचा भर आदिवासीबहुल भागांवर आहे आणि ते योग्यच आहे. पण शहरातल्या आपल्या वस्तीत कोणी दार ठोठावील म्हणून वाट पाहत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयात आपण होऊन जा. विहाराच्या समितीने पत्र दिले तर वस्तीतच शिबिर घेता येते.

लग्न आधीच झाले असेल आणि तपासणी राहिली असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच बाईची तपासणी करावी आणि ती वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. नवरा 'सुट्टी मिळत नाही' म्हणतो. एक खाडा पडू द्या. दोघेही वाहक असतील तर दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा अंश घेऊन किंवा पुढे गर्भजल घेऊन बाळ कोणत्या प्रकारचे आहे हे सांगता येते. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने रक्ताच्या अशा दोषांसाठी ही तपासणी नोंदणीकृत केंद्रात करू दिली आहे. मुलगा की मुलगी हे मात्र कोणी सांगायचे नाही आणि कोणी विचारायचेही नाही. बाळ रुग्ण निघाले तर पुढे काय करायचे, हा त्या आई-बापांचा निर्णय. त्यात सासू-सासऱ्यांनी, मंडळाने आणि आम्हीही तोंड घालू नये. डॉक्टरांनी नीट समजावून सांगावे, एवढे मागण्याचा हक्क त्यांना आहे.

ज्यांच्या घरात एसएस मूल आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. हे मूल जगते, शिकते, नोकरी करते, लग्नही करते. त्याचे लग्न एएशी झाले तर मुले सगळी वाहक होतील, रुग्ण एकही नाही. फक्त त्याचा सांभाळ डोळ्यात तेल घालून करायचा. पाणी भरपूर पाजावे. विदर्भाच्या उन्हाळ्यात अशा मुलाला दुपारचे बाहेर पाठवू नये आणि हिवाळ्यात थंड पाण्याने आंघोळ घालू नये. शाळेच्या गुरुजींना आधीच सांगून ठेवावे, की वर्गात पाण्याची बाटली राहील, लघवीला वारंवार सोडावे लागेल, कवायतीत धावायला लावू नये. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. लोहाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण इथे रक्त कमी होते ते लोहाच्या कमतरतेने नव्हे, पेशी फुटल्याने. लहानपणी न्यूमोनियाची लस आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन डॉक्टर सांगतील तसे द्यावे.

आईने एक गोष्ट डॉक्टरांकडून हाताने शिकून घ्यावी. डाव्या बरगडीखाली पांथरी चाचपायची. मूल एकदम पांढरे पडले आणि पांथरी फुगली तर रात्र असो की पाऊस, त्याच क्षणी इस्पितळ गाठायचे. ताप चढला, छातीत दुखून दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा हातपाय लुळा पडला, तरीही तसेच. बाबाकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल आज पुष्कळ रुग्णांना दिली जाते. आईच्या पोटात असताना आपल्याला वेगळे हिमोग्लोबिन असते, त्याला सिकल होत नाही. जन्मानंतर ते बंद पडत जाते. ही कॅप्सूल ते पुन्हा थोडे वाढविते, त्यामुळे वेदनेचे झटके आणि रक्त देण्याच्या वेळा कमी होतात. ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते आणि मूल हवे असेल तर स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. दुखणे थांबले म्हणून मनाने बंद करणारे पुष्कळ आहेत. दुखणे थांबले ते तिच्यामुळेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, तेव्हा रुग्णाने जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. एसटीच्या सवलतीची चौकशीही आगारात करावी.

मग हे अक्षरच दुरुस्त करता येणार नाही का, असे एका वाचकाने विचारले होते. त्या दिशेने पाऊल पडले आहे. जनुकाला नेमक्या जागी कात्री लावण्याचे तंत्र शोधणाऱ्या दोन स्त्री शास्त्रज्ञांना, शारपेंतिए आणि डाउडना यांना, २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या तंत्राने सिकलसेलवर जो उपचार तयार झाला त्याला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने परवानगी दिली. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून त्यांत कात्री लावतात आणि गर्भातले ते बंद पडलेले हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. त्याआधी कर्करोगासारखी जहाल औषधे घ्यावी लागतात. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. गंमत पाहा, त्या कात्रीने जे साधायचे तेच, कमी प्रमाणात का होईना, ती साधी कॅप्सूल साधते. दिल्लीच्या जीनोमिक्सच्या सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ आपल्या देशात असा उपचार स्वस्तात आणण्याच्या कामी लागले आहेत. तो येईल तेव्हा आम्ही आनंदाने पेढे वाटू. तोवर बोटातले थेंबभर रक्त आपल्या हाती आहे.

वधू-वर परिचय मेळावे भरविणाऱ्या मंडळांना आमची एक विनंती आहे. अर्जात शिक्षण, उंची, रंग, पगार अशी घरे असतात. रंगाचे घर खोडा आणि तिथे 'सिकलसेल : एए, एएस, एसएस' असे घर छापा. ते मुलांच्या अर्जात आधी छापा. मुलीचा रिपोर्ट मागणाऱ्याने आपल्या मुलाचा रिपोर्ट सोबत जोडल्याशिवाय अर्ज घेऊ नका. अर्ज सगळ्यांदेखत वाचून मात्र दाखवू नका. ही माहिती दोन घरांच्या मधे राहावी, मंचावर नाही.

हे सदर लिहून होत असताना त्या माउलीचे दुसरे पत्र आले. मुलगा घरी न सांगता वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट एए. तो रिपोर्ट घेऊन तो स्वतः मुलीच्या घरी आला, आईची समजूत काढतो म्हणाला. मुलीने त्याला चहा दिला, रिपोर्ट वाचला आणि सांगितले की तुम्ही तपासून आलात हे चांगले केलेत, पण आता माझे मन नाही. शिवणक्लासला सहा मुली नव्याने आल्या आहेत. धाकटीने पत्राच्या शेवटी, आईला न विचारताच बहुधा, आपल्याकडून एक ओळ जोडली आहे : तिने स्वतःचीही तपासणी करून घेतली, रिपोर्ट पुढच्या सोमवारी मिळणार आहे.